रॉदरहॅम ते राजपूत : एका विनाशिकेच्या दोन नोकऱ्या

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणाऱ्यांच्या घरी आजोबांचा एक जुना फोटो आहे. पांढऱ्या गणवेशातले दहाबारा खलाशी रांगेत उभे, मागे जहाजाच्या कुशीवर 'डी १४१' हा आकडा. आजोबा १९५० च्या दशकात 'राजपूत'वर स्टोकर, म्हणजे बॉयलरची आग सांभाळणारे, होते असं घरात ऐकलेलं. पण शोधायला गेलं की एक ठिकाण राजपूतला रशियन बनावटीची म्हणतं, दुसरं ब्रिटिश. एक म्हणतं की पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी हिनेच बुडवली, दुसरं ते साफ नाकारतं. यातलं खरं काय, आणि ही बोट मुळात ब्रिटिशांची असेल तर त्यांच्याकडे असताना तिने काय केलं?

मी राजपूतवर कधीच नव्हतो. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत शिकलो आणि पुढची वीसेक वर्षं वाफेच्या जहाजांच्या पोटात काढली. त्यामुळे माझं उत्तर बॉयलर रूममधून येणार. ब्रिजवरून, म्हणजे जिथून कॅप्टन जहाज चालवतो तिथून, जग कसं दिसतं ते सांगणारे पुष्कळ आहेत.

पहिली गाठ सोपी आहे. आपल्या नौदलात राजपूत नावाच्या दोन विनाशिका होऊन गेल्या. अलीकडची सोव्हिएत बनावटीची, डी ५१. ती ४ मे १९८० ला नौदलात आली आणि २१ मे २०२१ ला विशाखापट्टणमला निवृत्त झाली. तिच्यात गॅस टर्बाइन होती, बॉयलर नव्हताच, मग स्टोकर कुठून असणार? डी १४१ म्हणजे आधीची राजपूत, म्हणजेच ब्रिटिश नौदलाची एचएमएस रॉदरहॅम. आजोबांची बोट हीच.

रॉदरहॅम बांधली गेली स्कॉटलंडमध्ये, क्लाइड नदीकाठच्या क्लाइडबँक गावात, जॉन ब्राउन कंपनीच्या गोदीत. 'क्वीन मेरी' आणि 'क्वीन एलिझाबेथ' ही अवाढव्य प्रवासी जहाजं याच गोदीतली, युद्धनौका 'हूड'सुद्धा. रॉदरहॅमचा कणा टाकला एप्रिल १९४१ मध्ये. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, १३ आणि १४ मार्चच्या रात्री, जर्मन विमानांनी क्लाइडबँक भाजून काढलं होतं. पाचशेहून जास्त माणसं गेली. गावातल्या बारा हजारांवर घरांपैकी धड उरलेली घरं हाताच्या बोटांवर मोजता आली असती. ज्या रिव्हेटरांनी या बोटीचे पत्रे जोडले त्यातले कित्येक जण तेव्हा दुसऱ्या गावातून रोज ये-जा करत होते, कारण स्वतःच्या गावात डोक्यावर छप्पर राहिलं नव्हतं. तरीही मार्च १९४२ मध्ये बोट पाण्यात उतरली आणि ऑगस्टमध्ये नौदलाच्या ताब्यात गेली. साधारण सोळा महिने. शांततेच्या काळात आपल्याकडे एवढ्या वेळात निविदेचे कागद फिरतात.

ती 'आर' वर्गातली. या वर्गात आठ बोटी, सगळ्यांची नावं आर अक्षराने सुरू होणारी: रॉदरहॅम, रेसहॉर्स, रेडर, रॅपिड, रिडाउट, रिलेंटलेस, रॉकेट, रोबक. रॉदरहॅम त्यांची लीडर, म्हणजे फ्लोटिलाचा (विनाशिकांच्या गटाचा) कॅप्टन तिच्यावर बसायचा. लांबी १०९ मीटर, भरल्या वजनाने अडीच हजार टनांच्या आतबाहेर. चार ४.७ इंची तोफा, आठ पाणतीर (टॉर्पेडो) नळ्या, विमानविरोधी तोफा, आणि मागच्या टोकाला पाणबुडीवर टाकायचे डेप्थ चार्ज. दोन बॉयलर, दोन टर्बाइन, ४०,००० अश्वशक्ती, वेग ३६ नॉट, म्हणजे ताशी ३६ सागरी मैल. या अश्वशक्तीचा अंदाज यावा म्हणून सांगतो: १०९ मीटर लांबीच्या पातळ पत्र्याच्या नळीत निम्मी जागा तर यंत्रांनीच खाल्लेली असते. उरलेल्या जागेत दोनशेच्या आसपास माणसं, दारूगोळा, तेल, पाणी आणि बटाटे.

दोन गोष्टी या वर्गात मला फार शहाणपणाच्या वाटतात. आधीच्या काही वर्गांत सहा तोफा होत्या, इथे चार. वाचलेल्या वजनात तेलाच्या टाक्या वाढवल्या. तोफा कमी करून पल्ला वाढवायचा हा निर्णय कागदावर भित्रा दिसतो, पण हिंदी महासागरात मोंबासा ते कोलंबो असं अडीच हजार सागरी मैलांच्या आसपास जायचं तर तोफा काय उपयोगाच्या? तेल संपलेली विनाशिका म्हणजे ओझं. दुसरी गोष्ट राहायच्या जागेची. शिडाच्या काळापासून ब्रिटिश जहाजांवर अधिकाऱ्यांच्या खोल्या अगदी मागे, सुकाणूच्या बाजूला. ते मानाचं स्थान. पण विनाशिकेचा मधला डेक बुटका असतो, समुद्र खवळला की त्यावरून लाटा जातात, आणि मागे झोपलेला अधिकारी पहाऱ्याला पुढे येऊच शकत नाही. आर वर्गात पहिल्यांदा या खोल्या उचलून पुढे, ब्रिजच्या जवळ आणल्या. परंपरा मोडायला दोन-तीनशे वर्षं आणि काही वाहून गेलेली माणसं लागली.

आता आजोबा कुठे काम करत होते ते दाखवतो, कारण फोटोत ते कधीच दिसत नाही.

आर वर्गाची बॉयलर रूम बंद असायची. म्हणजे मोठे पंखे बाहेरची हवा थेट त्या खोलीत कोंबायचे आणि अख्ख्या खोलीतला दाब बाहेरपेक्षा थोडा जास्त ठेवायचे. ही जास्तीची हवा भट्टीत शिरून तेल नीट जाळायची. साहजिकच खोलीत जायला साधा दरवाजा चालत नाही. एअरलॉक लागतो: एक दार उघडून चिंचोळ्या डब्यात यायचं, ते घट्ट लावायचं, कान दडे बसून मोकळे होऊ द्यायचे, मगच दुसरं दार उघडायचं. दोन्ही दारं एका वेळी उघडली तर खोलीतला दाब झटक्यात पडतो, आणि भट्टीतली ज्वाळा जी चिमणीकडे जायला हवी ती उलटी फिरून माणसांच्या अंगावर येते. माझ्या वेळच्या जहाजांत ही रचना बदललेली होती, पण आम्हाला शिकवणारे एक चीफ मालवणचे होते आणि त्यांची उमेदीची वर्षं आर वर्गावर गेली होती. एकदा मी गेज ग्लासकडे पाठ करून कुणाशी तरी गप्पा मारत होतो. त्यांनी कॉलर धरून मला वळवलं आणि म्हणाले, "बॉयलरासमोर हुशारकी नको रे, तां तुझ्यापेक्षा म्हातारां आसा."

गेज ग्लास म्हणजे बॉयलरच्या ड्रममध्ये पाणी किती आहे ते दाखवणारी उभी काचेची नळी. एक माणूस फक्त तिच्याकडे बघत उभा. पाणी नळीच्या खाली गेलं की नळ्या तापून फाटतात, वर गेलं की वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये जातं आणि पाती तुटतात. दुसरा माणूस स्प्रेअरवर. भट्टीच्या तोंडाशी तेलाचे फवारे, हवा तेवढे चालू करायचे, नको तेवढे बंद. ब्रिजवरून वेग वाढवायची घंटी आली की एकेक स्प्रेअर फटाफट उघडायचा आणि त्याच क्षणी पंख्याचा वेग वाढवायचा. हवा कमी पडली तर चिमणीतून काळा धूर, आणि वरून कॅप्टनची शिवी. हवा जास्त झाली तर पांढरा धूर, आणि तीच शिवी. आजोबा स्टोकर होते म्हणजे तापलेल्या लोखंडाच्या या डब्यात, चार-चार तासांच्या पाळीने, हे करत होते. मुंबईच्या मे महिन्यात आत काय होत असेल याची कल्पना करा.

आता तिची पहिली नोकरी. खरं सांगायचं तर ब्रिटिश नौदलातली तिची कारकीर्द शूर कथांच्या मापाने बेताची आहे. बिस्मार्क नाही, नॉर्वे नाही, माल्टाचे ताफे नाहीत. १९४३ पासून तिचं घर म्हणजे ईस्टर्न फ्लीट. एप्रिल १९४२ मध्ये जपान्यांनी श्रीलंकेवर हल्ला केल्यावर हा आरमारी ताफा मागे सरकून केनियात मोंबासाजवळच्या किलिंडिनीला जाऊन बसला होता. तिथून ताफ्यांना सोबत करायची, एडन, मुंबई, कोलंबो, दर्बान अशा वाटांवर. दिवसच्या दिवस तीच वाकडीतिकडी चाल, पाणबुडी शोधणाऱ्या अ‍ॅस्डिक यंत्राचे तेच टिंग-टिंग. काही घडत नाही, आणि काही घडू नये म्हणूनच तर तुम्ही तिथे असता. नौदलाच्या नोकरीचा नव्वद टक्के भाग हाच, फक्त त्याचे पोवाडे होत नाहीत.

तो समुद्र निर्धोक नव्हता हे मात्र विसरू नका. १२ फेब्रुवारी १९४४ ला मालदीवजवळ 'खेदिव इस्माइल' हे सैनिकांनी भरलेलं जहाज जपानी पाणबुडी आय-२७ ने दोन मिनिटांच्या आत बुडवलं. सुमारे १,३०० माणसं गेली, त्यांत परिचारिकाही होत्या. सोबतच्या 'पॅलॅडिन' आणि 'पेटार्ड' या विनाशिकांना कळलं की पाणबुडी पाण्यात तरंगणाऱ्या माणसांच्या खालीच दडली आहे. तरीही डेप्थ चार्ज टाकावे लागले. त्याच दिवसांत आर वर्गातल्या रिलेंटलेसने जर्मन पाणबुड्यांना तेल पुरवणारी 'शार्लोट श्लीमान' गाठली, महिनाभराने रोबकने 'ब्राके' गाठली. ही दोन तेलवाहू जहाजं गेल्यावर हिंदी महासागरातल्या जर्मन पाणबुड्यांचा दाणापाणीच तुटला. पाणबुड्यांशी थेट न लढता शत्रूला उपाशी मारायचं, हे माझ्या लेखी त्या वर्षातलं सगळ्यांत चांगलं काम.

१९४४ मध्ये ताफा त्रिंकोमालीला परतला आणि मग रॉदरहॅमलाही मोठ्या मोहिमा मिळाल्या. १९ एप्रिलला सुमात्राच्या टोकाशी असलेल्या सबांग बंदरावर ब्रिटिश 'इलस्ट्रियस' आणि अमेरिकन 'सॅराटोगा' या दोन विमानवाहू जहाजांच्या विमानांनी एकत्र हल्ला केला. ॲडमिरल सॉमरविल यांच्या त्या ताफ्यात ब्रिटिश, अमेरिकन, फ्रेंच, डच, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडची अशी सगळी निशाणं होती, रॉदरहॅम युद्धनौकांच्या कडेने पहाऱ्याला. एकच विमान पडलं, आणि त्याच्या वैमानिकाला 'टॅक्टिशियन' पाणबुडीने किनाऱ्यावरच्या तोफांच्या माऱ्यात पाण्यातून उचललं. २५ जुलैला पुन्हा सबांग, या वेळी खुद्द युद्धनौकांच्या तोफांनी. रॉदरहॅम पुन्हा पहाऱ्याला. १९४५ मध्ये अंदमान-निकोबार आणि ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरच्या मोहिमा. मलाक्काच्या सामुद्रधुनीत जपानी क्रूझर 'हागुरो' बुडवणारी फ्लोटिला वेगळी, तिचं श्रेय हिला देऊ नका. कुणीतरी देतंच.

तिच्या ब्रिटिश कारकिर्दीतला सगळ्यांत लक्षात राहण्याजोगा क्षण युद्ध संपल्यावरचा. सप्टेंबर १९४५ मध्ये सिंगापूरच्या उत्तरेला सेंबावांगचा भलामोठा नौदल तळ परत घ्यायचा होता. १९४२ मध्ये तो तळ गेला तेव्हा साम्राज्याची अब्रूच गेली होती. तिथे पहिल्यांदा जाऊन धक्क्याला लागली ती रॉदरहॅम, आणि तिचे कॅप्टन बिग्स यांनी जपान्यांकडून तळाची शरणागती घेतली. त्या तळाच्या एका फाटकाला पुढे रॉदरहॅमचं नाव दिलं गेलं.

एक गोष्ट आणखी. आर वर्गातल्या आठही बोटी युद्धातून जिवंत परतल्या. ब्रिटिश विनाशिकांच्या बाबतीत असं भाग्य विरळ. शेजारच्या क्यू वर्गातल्या 'क्वेल' आणि 'क्वेंटिन' भूमध्य समुद्रात गेल्या. फरक बांधणीचा नव्हता, दोन्ही वर्ग जुळ्या बहिणी. फरक पोस्टिंगचा. फौजेत असलेल्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल.

युद्ध संपल्यावर ब्रिटनला एवढ्या विनाशिका पोसणं परवडणार नव्हतं. चार बोटींची फ्रिगेट करून टाकली, रेसहॉर्स भंगारात, आणि उरलेल्या तीन १९४९ मध्ये भारताने घेतल्या: रॉदरहॅमची राजपूत झाली, रिडाउटची रणजित, रेडरची राणा. अक्षर आर तेच राहिलं, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. रोमन लिपीतली वर्गवारी देवनागरीतही र वरच थांबली. या तिघींचीही अकरावी विनाशिका फ्लोटिला झाली. हिंदी महासागरात ब्रिटिश निशाणाखाली त्या होत्या तीही अकरावीच.

तो काळ विचित्र होता. फेब्रुवारी १९४६ चा नाविकांचा उठाव मुंबईत होऊन तीन वर्षं झाली होती. फाळणीत जहाजं वाटली गेली, माणसंही वाटली गेली. जुन्या नौदलात रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमानांचा भरणा मोठा, त्यातले काही कराचीला गेले, काही राहिले. आणि स्वतंत्र भारताच्या नौदलाचे प्रमुख अजून ब्रिटिशच होते. १९४८ ते १९५१ व्हाइस ॲडमिरल पॅरी. गंमत अशी की १९३९ मध्ये रिव्हर प्लेटच्या लढाईत हेच पॅरी 'अकिलीस' क्रूझरचे कॅप्टन होते, आणि ती अकिलीस आता 'आयएनएस दिल्ली' होऊन त्यांच्याच हाताखाली आली होती. पहिले भारतीय प्रमुख, व्हाइस ॲडमिरल कटारी, यायला १९५८ उजाडलं. तुमच्या आजोबांनी भरती होऊन सुरुवातीची वर्षं काढली असतील ती याच संधिकाळात: हुकूम इंग्रजीत, शिव्या हिंदीत, जेवण आपलं.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या कारवाईत राजपूत विमानवाहू 'विक्रांत'च्या गटात होती. सोबत दिल्ली, कुठार, किरपाण आणि खुकरी. दिल्लीने दीवच्या किल्ल्यावर तोफा डागल्या, राजपूतच्या वाट्याला पुन्हा पहारा. या गटातली नावं लक्षात ठेवा. विक्रांत, राजपूत आणि खुकरी ही तीन नावं बरोबर दहा वर्षांनी, डिसेंबर १९७१ मध्ये, पुन्हा एकाच आठवड्यात येतात.

आता १९७१. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण या प्रकरणाची खरी सुरुवात एका बॉयलरपासून होते आणि ते फारसं कुणी सांगत नाही.

विक्रांतला चार बॉयलर. त्यातल्या एकाला तडा गेलेला. बॉयलरच्या ड्रमला तडा म्हणजे काय हे आमच्या धंद्यातल्या माणसालाच कळतं: वरून काही दिसत नाही, पण दाब वाढवला की ती रेघ पुढे सरकू शकते. नवा ड्रम बसवायचा तर अख्खी बोट कापावी लागते. शेवटी वेगावर बंधन घालून तिला चालवायचं ठरलं, आणि सोळा नॉटच्या आत चालणारं विमानवाहू जहाज पाणबुडीसाठी आयतं सावज. अरबी समुद्रात पाकिस्तानच्या नव्या फ्रेंच पाणबुड्या होत्या, म्हणून विक्रांतला पूर्वेला, बंगालच्या उपसागरात नेलं. तिथपर्यंत पोचू शकेल अशी पाकिस्तानकडे एकच पाणबुडी होती, गाझी. मूळची अमेरिकन नौदलाची 'डायब्लो', १९४५ ला सेवेत आलेली, १९६४ ला पाकिस्तानला दिलेली. १९६५ च्या युद्धात उपखंडातली एकमेव पाणबुडी तीच होती. १४ नोव्हेंबर १९७१ ला ती कराचीहून निघाली, श्रीलंकेला वळसा घालून विशाखापट्टणमकडे. काम एकच, विक्रांत शोधून बुडवणं.

पूर्व कमांडचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन. त्यांनी विक्रांतला आधीच दूर अंदमानात नेऊन लपवलं. आणि तिच्या जागी कुणाला उभं केलं? एकोणतीस वर्षांच्या, भंगारात जाण्याच्या वाटेवर असलेल्या राजपूतला. राजपूत विशाखापट्टणमपासून सुमारे १६० मैलांवर गेली आणि विक्रांतच्या नावाने बिनतारी संदेशांचा पाऊस पाडू लागली. विमानवाहू जहाजाला लागेल तेवढा शिधा हवा, अमुक हवं, तमुक हवं. बाजारात खरोखर ढीगभर भाजीपाल्याच्या ऑर्डरी गेल्या, म्हणजे हेरांच्या कानावर जावं. सगळ्यांत नामी युक्ती एका साध्या, न लपवलेल्या तारेची. विक्रांतवरच्या नाविकाने आईच्या गंभीर आजाराची चौकशी केल्याची ती तार. लष्करी संकेत फोडणारा शत्रू सावध असतो, पण आईच्या आजारपणाच्या तारेवर कोण संशय घेणार?

राजपूतचं दोन्ही नोकऱ्यांमधलं सगळ्यांत मोठं काम माझ्या मते हे. डेप्थ चार्ज नंतर. अडीच हजार टनांच्या म्हाताऱ्या बोटीने काही दिवस वीस हजार टनांच्या विमानवाहू जहाजाचं सोंग असं वठवलं की गाझी विशाखापट्टणम सोडून गेलीच नाही.

३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ला केला आणि युद्ध सुरू झालं. त्याच रात्री, बारा वाजायच्या सुमारास, लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांच्या हाताखाली राजपूत विशाखापट्टणम बंदरातून निघाली. गाझी तेव्हा बंदराच्या तोंडाशी पाणसुरुंग पेरत असावी. खाडीच्या तोंडापर्यंत पायलट, म्हणजे बंदरातून वाट दाखवणारा माणूस, बोटीवर होता, त्याला उतरवायला राजपूत थांबली. तो उतरल्यावर उजव्या बाजूच्या पहारेकऱ्याने समोर पाणी फुटल्यासारखं दिसतंय असं कळवलं. इंदर सिंग यांनी वेग वाढवून त्या जागी बोट नेली आणि दोन डेप्थ चार्ज सोडले. थोड्या मिनिटांनी, सव्वाबाराच्या आसपास, प्रचंड स्फोट झाला. बोट हादरली, शहरातल्या खिडक्यांची तावदानं वाजली. राजपूतने तिथे शोध घेतला, काही दिसलं नाही, आणि ती आपल्या कामाला पुढे निघून गेली.

आता ही रात्र खालून बघा. डेप्थ चार्ज म्हणजे एक बुटकं पिंप, आत १३० किलो स्फोटक, तोंडाशी पाण्याच्या दाबाने चालणारं पिस्तूल, म्हणजे स्फोट घडवणारी कळ. चावीने खोली लावायची, ढकलून द्यायचं. ते सेकंदाला साधारण तीन मीटर बुडतं. उथळ पाण्यात १५ मीटरवर लावलं तर पाच सेकंदांत फुटतं. तुमची बोट १८ नॉटने जात असेल तर तेवढ्यात ती पंचेचाळीस मीटर पुढे जाते. आठ नॉटने जात असेल तर वीस मीटर, आणि तुमच्याच बोटीच्या मागच्या पंख्याची (प्रोपेलरची), सुकाणूची धडगत नाही. म्हणजे थांबलेल्या बोटीने डेप्थ चार्ज टाकायचेच नसतात, आधी पळायचं असतं. ती बोट पायलट उतरवायला थांबलेली. ब्रिजवरून घंटी वाजली त्या क्षणी खाली कुणीतरी स्प्रेअर उघडले, कुणीतरी पंखा चढवला, कुणीतरी गेज ग्लासवर नजर रोखून उभा राहिला, आणि एकोणतीस वर्षं जुन्या नळ्यांनी दाब धरला. त्या पाळीतल्या माणसांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत.

दुसऱ्या दिवशी कोळ्यांना पाण्यावर तेल आणि अवशेष सापडले. डायव्हरांनी खाली जाऊन बघितलं: गाझीच होती. नव्वदहून जास्त माणसं तिच्यात गेली, कॅप्टन झफर मुहम्मद खान यांच्यासह. नौदलाने बातमी जाहीर केली ९ डिसेंबरला. त्याच रात्री दीवपासून चाळीसेक मैलांवर 'हंगोर' पाणबुडीने आपली खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले, त्यांत कॅप्टन मुल्लाही, जे बोटीबरोबर गेले. दहा वर्षांपूर्वी विक्रांतभोवती पहारा देणाऱ्या जोडीतली एक वाचली, एक गेली.

मग गाझी नक्की कशाने बुडाली? भारताची अधिकृत भूमिका राजपूतच्या डेप्थ चार्जकडे बोट दाखवते. पाकिस्तानची भूमिका अशी की ती स्वतःच पेरलेल्या सुरुंगावर गेली किंवा आतल्या आत फुटली. खुद्द आपल्या नौदलातल्या काही ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी नंतर आतल्या स्फोटाकडेच झुकणारं मत लिहिलं आहे. अवशेषांत पुढचा भाग, जिथे पाणतीर आणि सुरुंग ठेवतात, तो फुटलेला होता. डेप्थ चार्जचा स्फोट बाहेरून आत दाबतो, दारूगोळ्याचा आतून बाहेर उघडतो. दुसरं, डेप्थ चार्ज आणि तो मोठा स्फोट यांच्यात मिनिटांचं अंतर होतं. आणखी एक शक्यता बॅटरीची. पाणबुडीच्या शिसे-आम्ल बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, आणि हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते. अनेक दिवस समुद्रात असलेली जुनी पाणबुडी, वायुवीजन कमी, चालकदल थकलेलं.

माझं मत विचाराल तर अखेरचा स्फोट गाझीच्याच पोटातला, पुढच्या पाणतीर खोलीतला. पण तो त्याच रात्री, त्याच मिनिटांत का व्हावा? वरून एक विनाशिका वेगाने आली, दोन पिंपं शेजारी फुटली, खालच्या माणसांनी घाईने बुडी मारली किंवा तळाला आदळली, सुरुंग हाताळताना हात घसरला. यातलं काहीही असेल तरी राजपूत त्या साखळीत आहे. 'राजपूतने बुडवली' आणि 'राजपूतचा काही संबंध नाही' ही दोन्ही वाक्यं मला आळशी वाटतात. इंदर सिंग यांना वीरचक्र मिळालं, आणि ते त्यांनी कमावलेलं होतं. अंधारात, युद्ध सुरू होऊन काही तास झालेले असताना, नुसतं पाणी फुटलेलं दिसल्यावर जुनी बोट त्या दिशेने रेटणं सोपं नसतं.

राजपूत १९७६ मध्ये भंगारात गेली, राणाही त्याच सुमारास, रणजित काही वर्षं जास्त टिकली. क्लाइडबँकच्या त्या बोटीने ब्रिटिशांकडे सात वर्षं काढली आणि आपल्याकडे त्याच्या चौपटीच्या आसपास. म्हणून कुणी तिला 'ब्रिटिश विनाशिका' म्हटलं की मी मान हलवतो, पण थोडीशीच.

तुमच्या फोटोबद्दल. डी १४१ स्पष्ट दिसत असेल तर राजपूतच. पण शेजारी आणखी फोटो असतील तर त्यांतले आकडेही बघा: डी २०९ म्हणजे रणजित, डी ११५ म्हणजे राणा. तिघी दिसायला एकसारख्या आणि नाविकांच्या बदल्या आपापसांत होत असत. आजोबांच्या बाहीवर तीन पात्यांच्या पंख्याचं चिन्ह असेल तर ते इंजिन-बॉयलर शाखेचेच. त्यांचा सर्व्हिस नंबर पेन्शनच्या कागदांवर, जुन्या डिस्चार्ज पुस्तिकेवर किंवा पदकाच्या कडेला सापडेल. तो नंबर आणि नात्याचा पुरावा घेऊन मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्सला लिहा, नाविकांच्या नोंदी तिथे असतात. कुठल्या बोटीवर कधीपासून कधीपर्यंत, हे त्या नोंदीत तारखेनिशी असतं. आणि घरात आजोबांची काळी, तेलाने कडक झालेली टोपी किंवा कापसाचे हातमोजे कुणी 'जुना कचरा' म्हणून बाजूला टाकले असतील, तर आधी ते उचलून ठेवा.